मातव्हेई ब्रॉनश्टाइन : क्वांटम गुरुत्वाचा पहिला वाटाड्या



कृष्णविवर हा शब्द आता आपल्या घरांतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. २०१९ साली कृष्णविवराच्या सावलीचे पहिले छायाचित्र वर्तमानपत्रांत झळकले, तेव्हा ते नारिंगी कडे आपण सर्वांनीच पाहिले. पण त्या काळ्या वर्तुळाच्या अगदी आत, तळाशी काय असते, या प्रश्नाचे उत्तर आजही कोणाकडे नाही. त्यासाठी आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षण आणि अणूंच्या जगाचे नियम सांगणारा क्वांटम सिद्धांत, ज्याला मराठीत पुंज सिद्धांतही म्हणतात, या दोन्हींची सांगड घालावी लागते. ही सांगड सोपी नाही, तिच्यासाठी अवकाश आणि काळ यांच्या नेहमीच्या कल्पनाच कदाचित सोडाव्या लागतील, हे सर्वांत आधी आणि नेमकेपणाने दाखवून दिले ते मातव्हेई पेत्रोविच ब्रॉनश्टाइन या तरुण शास्त्रज्ञाने. तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांत त्यांच्याच देशाच्या सरकारने त्यांना गोळी घातली.

या विषयात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना ब्रॉनश्टाइन हे नाव परिचयाचे आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे पोहोचलेले नाही. म्हणून यावेळी त्यांचे चरित्र सांगावे, असे आम्ही ठरवले. आणखी एक कारण आहे. त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकाची गोष्ट आपल्या गुंटूरमध्ये घडलेली आहे. तिचा एक धागा विजयदुर्गापर्यंतही येतो. त्याविषयी पुढे येईलच.

बालपण आणि कीव्ह

ब्रॉनश्टाइन यांचा जन्म २ डिसेंबर १९०६ रोजी विनित्सा या गावी झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. वडील डॉक्टर होते आणि घर ज्यू होते. ब्रॉनश्टाइन लहान असतानाच पहिले महायुद्ध, मग क्रांती, मग यादवी युद्ध असा एकामागून एक धुमाकूळ सुरू झाला. कुटुंब कीव्हला आले, पण त्या शहरातही सरकारे सतत बदलत होती. अशा दिवसांत नीट शाळा होणे कठीणच. मातव्हेई यांचे शिक्षण बहुतांशी घरी आणि पुस्तकांतून झाले. वाचनाचा वेग अफाट आणि स्मरणशक्ती दांडगी. भाषाही त्यांनी अशाच आपल्या आपण आत्मसात केल्या.

कीव्हमध्ये विद्यापीठाच्या आश्रयाने भौतिकशास्त्राचे एक विद्यार्थी मंडळ चालत असे. प्योत्र तार्ताकोव्हस्की हे प्राध्यापक त्याचे मार्गदर्शक होते. विद्यापीठाचा रीतसर विद्यार्थी नसलेला हा मुलगा त्या मंडळात जाऊ लागला आणि १९२५ साली, वयाची १९ वर्षे पुरी होण्याआधी, क्ष-किरणांवरचा त्याचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी ते लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला गेले आणि तेथील विद्यापीठात दाखल झाले.

लेनिनग्राडची दोस्तमंडळी

त्या विद्यापीठात तेव्हा काही अवलिया विद्यार्थी एकत्र आले होते. लेव्ह लांडाऊ, जॉर्ज गॅमॉ आणि दिमित्री इवानेन्को ही त्यांतली ठळक नावे. आपल्या टोळक्याला त्यांनी जॅझ बँड असे नाव दिले होते. भौतिकशास्त्रावर वाद घालायचे, कविता म्हणायच्या, प्राध्यापकांवर विडंबने रचायची, असा त्यांचा दिनक्रम. येवगेनिया कानेगिसर या विद्यार्थिनीने ब्रॉनश्टाइन यांची या मंडळींशी ओळख करून दिली. याच पुढे भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांच्या पत्नी झाल्या. टोळक्यात सगळ्यांना टोपणनावे होती. ब्रॉनश्टाइन यांना मठातल्या धर्मगुरूला शोभेल असे आबात हे नाव मिळाले. ते सौम्य, चष्मेवाले आणि मिश्कील होते. कोणाच्याही चुकीवर बोट ठेवत, पण कोणाला लागेल असे बोलत नसत.

विद्यार्थी असतानाच त्यांनी खगोलशास्त्रात नाव मिळवले. ताऱ्याच्या वातावरणातून प्रकाश बाहेर कसा झिरपतो, या गणिती प्रश्नाचे त्यांनी १९२९च्या सुमारास जे उत्तर काढले, ते आजही हॉफ आणि ब्रॉनश्टाइन यांच्या जोडनावाने शिकवले जाते. १९३० साली शिक्षण पूर्ण होताच अब्राम योफे यांच्या लेनिनग्राड येथील भौतिक-तांत्रिक संस्थेत त्यांना काम मिळाले. अर्धवाहक, अणुगर्भ, विश्वरचना अशा एकमेकांपासून दूरच्या विषयांवर त्यांनी लिहिले. एकाच माणसाला इतके विषय कसे झेपतात, असा प्रश्न पडावा. पण त्यांना प्रत्येक विषय म्हणजे एकाच मोठ्या नकाशाचा तुकडा वाटत असावा, असे त्यांचे पुढचे काम पाहून आम्हाला वाटते.

तीन आकडे आणि एक नकाशा

हा नकाशा त्यांनी १९३३ साली खरोखरच मांडला. निसर्गात तीन मूलभूत स्थिरांक आहेत. पहिला प्रकाशाचा वेग, दुसरा न्यूटनच्या नियमातला गुरुत्व स्थिरांक आणि तिसरा क्वांटम जगाचा, प्लांक यांचा स्थिरांक. फक्त गुरुत्व स्थिरांक घेतला तर न्यूटनचे गुरुत्वाकर्षण मिळते. फक्त प्रकाशाचा वेग घेतला तर आइन्स्टाइनचा १९०५ सालचा विशिष्ट सापेक्षतावाद मिळतो. फक्त प्लांकचा स्थिरांक घेतला तर अणूंची क्वांटम यामिकी मिळते. दोन दोन एकत्र केले की आणखी व्यापक सिद्धांत मिळतात. प्रकाशाचा वेग आणि गुरुत्व एकत्र आले की आइन्स्टाइनचा १९१५ सालचा व्यापक सापेक्षतावाद तयार होतो. मग तिन्ही एकत्र आणणारा सिद्धांत कोणता? त्या जागी नकाशा कोरा होता. ब्रॉनश्टाइन यांनी ती कोरी जागा स्पष्ट दाखवली आणि विश्वाची सुरुवात किंवा ताऱ्याचा शेवट समजायचा तर हीच जागा भरावी लागेल, हे सांगितले. आजही क्वांटम गुरुत्वाची ओळख करून देताना हा नकाशा फळ्यावर काढला जातो.

१९३५ चा प्रबंध

नुसती कोरी जागा दाखवून ते थांबले नाहीत. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांनी क्वांटम गुरुत्वावरचा आपला प्रबंध परीक्षकांसमोर मांडला. परीक्षक होते व्लादिमीर फॉक आणि इगोर ताम, दोघेही त्या काळचे अव्वल सिद्धांतकार. ताम यांना पुढे १९५८ साली नोबेल मिळाले. प्रबंधाचा गाभा १९३६ साली सोव्हिएत नियतकालिकांतून, रशियन आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाला.

या कामाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात त्यांनी गुरुत्वाकर्षण दुबळे असताना त्याला क्वांटम नियम लावले. प्रकाश जसा फोटॉन या कणांनी बनतो, तसे गुरुत्वीय लहरींचेही कण मानले, ज्यांना आज ग्रॅव्हिटॉन म्हणतात. अशा कणांच्या देवाणघेवाणीतून न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम बरोबर निघतो, आणि गुरुत्वीय लहरींतून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचे आइन्स्टाइनचे सूत्रही निघते, हे त्यांनी दाखवले. जुने नियम नव्या पायावरही टिकतात, एवढी खात्री त्यातून झाली.

दुसरा भाग अधिक खोल आहे. तो आम्ही घरगुती उदाहरणाने सांगतो. वाटीभर गरम दुधाचे तापमान पाहायचे आहे आणि आपण त्यात मोठा, जड, थंड थर्मामीटर बुडवला, तर दूधच निवेल. मोजायला गेलो आणि जे मोजायचे तेच बदलले. म्हणून थर्मामीटर लहान हवा. पण क्वांटम जगात उलटी अडचण येते. गुरुत्वाकर्षण एखाद्या इवल्याशा जागेत किती आहे, हे मोजायचे तर तिथे एक वस्तू ठेवून तिला किती ढकलले जाते, ते पाहावे लागते. वस्तू हलकी असेल तर हायझेनबर्ग यांच्या अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे मोजमाप धूसर होते. ते नेमके हवे तर वस्तू जड हवी, आणि जागा इवलीशी असल्याने ती जड वस्तू त्या छोट्या जागेत मावायलाही हवी.

विजेच्या क्षेत्राबाबत हा प्रश्न बोर आणि रोझेनफेल्ड यांनी १९३३ साली सोडवला होता. छोट्या जागेत हवा तेवढा विद्युतभार कोंबता येईल असे तत्त्वतः मानता येते, म्हणून मोजमापाला मूलभूत अडसर राहत नाही. गुरुत्वाकर्षणाचे तसे नाही, हे ब्रॉनश्टाइन यांच्या ध्यानात आले. वस्तुमान कोंबत गेलो तर एक मर्यादा येते. प्रत्येक वस्तुमानाला एक गुरुत्वीय त्रिज्या असते. सूर्याची ती सुमारे ३ किलोमीटर आहे आणि पृथ्वीची सुमारे ९ मिलिमीटर. सगळी पृथ्वी दाबून बोराएवढी केली तर तिच्यातून प्रकाशही बाहेर येणार नाही. अशा वस्तूकडून कोणतेही मोजमाप बाहेर कळवता येणार नाही. म्हणजे मोजमाप नेमके करण्यासाठी लागणारी जड आणि लहान वस्तू निसर्ग बनवूच देत नाही. यातून ब्रॉनश्टाइन यांनी निष्कर्ष काढला की, अतिसूक्ष्म पातळीवर वक्र अवकाशाची नेहमीची भूमिती लावता येणार नाही, आणि कदाचित अवकाश व काळ यांच्या रूढ कल्पनाही सोडून द्याव्या लागतील.

ही सूक्ष्म पातळी म्हणजे आज ज्याला प्लांक लांबी म्हणतात ती. मीटरचे एकावर ३५ शून्ये इतके भाग केले, तर त्यातल्या साधारण दीड भागाएवढी. कृष्णविवर हा शब्द रूढ व्हायला तेव्हा तीसेक वर्षे अवकाश होता. ब्रॉनश्टाइन यांनी कृष्णविवरांवर असे काही लिहिले नाही. पण आज आपण जे म्हणतो की खूप छोट्या जागेत डोकावू गेल्यास तिथे कृष्णविवरच तयार होईल, त्या युक्तिवादाचे मूळ या १९३६ च्या निबंधात आहे.

सूर्यातले द्रव्य, गुंटूर आणि विजयदुर्ग

याच वर्षांत ब्रॉनश्टाइन मुलांसाठीही लिहीत होते. लेनिनग्राडच्या बालसाहित्य प्रकाशनगृहात कवी सामुइल मार्शाक यांनी एक मोठी चळवळच उभी केली होती. शास्त्रज्ञांनी स्वतः मुलांसाठी लिहावे, आणि ते पाठ्यपुस्तकासारखे कोरडे न होता गोष्टीसारखे वाचता यावे, असा त्यांचा आग्रह असे. तिथे संपादक होत्या लिडिया चुकोव्हस्काया, प्रसिद्ध बालसाहित्यिक कोर्नेई चुकोव्हस्की यांची कन्या. ब्रॉनश्टाइन आणि लिडिया यांचा विवाह झाला. लिडियाबाईंना पहिल्या विवाहाची एक छोटी मुलगी होती, तीही या घरात वाढू लागली.

ब्रॉनश्टाइन यांचे मुलांसाठीचे पहिले पुस्तक म्हणजे सूर्यातले द्रव्य. त्याचा पहिला खर्डा लिडियाबाईंना पसंत पडला नाही. पुन्हा लिहा, आणखी सोपे लिहा, असे करत करत पुस्तक आकाराला आले. १९३६ साली ते पुस्तकरूपाने निघाले. विषय होता हेलियमचा शोध.

हा शोध आपल्या भूमीशी जोडलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ पियर जानसेन त्यासाठी गुंटूरला येऊन राहिले होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी पाहिला, आणि ग्रहण नसतानाही या ज्वाळा पाहण्याची युक्ती त्यांना तिथेच सुचली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय त्याच ज्वाळा पाहिल्या. वर्णपटात एक पिवळी रेषा होती, ती पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम म्हटले गेले. १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना ते पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडले. हेच लॉकयर पुढे २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर मुक्कामाला आले. किल्ल्यात साहेबाचे ओटे म्हणून काही चौथरे आजही दाखवतात. हेलियमचा शोध तिथेच लागला असे अनेकदा सांगितले जाते, पण १८६८ साली लॉकयर इंग्लंडमध्ये होते आणि ग्रहण पाहायला जानसेन गुंटूरला होते, हे मुलांना सांगताना लक्षात ठेवावे. विजयदुर्गाचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

एका रेषेतून दूरच्या ताऱ्यात काय आहे हे ओळखायचे, ही या पुस्तकाची गोष्ट. त्यानंतर ब्रॉनश्टाइन यांनी क्ष-किरणांवर मुलांसाठी पुस्तक लिहिले. रेडिओ तारायंत्राच्या शोधकांवरचे तिसरे पुस्तक तयार होते. ते मात्र त्या काळी मुलांच्या हाती पुस्तक म्हणून पडलेच नाही.

१९३७

स्टालिनच्या राजवटीत १९३७ साली अटकांचे सत्र सुरू झाले. कोण केव्हा उचलला जाईल याचा नेम नव्हता. भौतिकशास्त्रज्ञही सुटले नाहीत. ब्रॉनश्टाइन यांचे परीक्षक फॉक यांना त्या वर्षी फेब्रुवारीत पकडले होते, पण प्योत्र कापित्सा यांनी रदबदली केल्यावर ते लवकर सुटले. मार्शाक यांच्या संपादकीय मंडळावरही घाला आला आणि ते मंडळ मोडून पडले.

ब्रॉनश्टाइन ऑगस्टमध्ये कीव्हला आईवडिलांकडे गेले होते. ६ ऑगस्टला त्यांना तिथेच अटक झाली. सरकारविरोधी कटाचा खोटा आरोप ठेवला गेला. योफे, फॉक, ताम यांसारख्या शास्त्रज्ञांनी आणि चुकोव्हस्की, मार्शाक यांसारख्या लेखकांनी त्यांच्यासाठी अर्ज केले. त्या दिवसांत असा अर्ज करणे म्हणजे स्वतःच्या गळ्यात दोर ओढून घेण्यासारखे होते, तरी त्यांनी सह्या केल्या. उपयोग झाला नाही. १८ फेब्रुवारी १९३८ रोजी लेनिनग्राडमध्ये काही मिनिटांची सुनावणी झाली आणि त्याच दिवशी त्यांना गोळी घालण्यात आली. वय होते ३१ वर्षे.

लिडियाबाईंना मात्र सांगितले गेले की त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली असून पत्रव्यवहाराची परवानगी नाही. या शब्दांचा खरा अर्थ मृत्युदंड, हे लोकांना पुढे कळले. त्या तुरुंगाबाहेरच्या बायकांच्या लांबच लांब रांगांत उभ्या राहिल्या. स्वतःलाही अटक होण्याची भीती होती, म्हणून काही काळ लेनिनग्राड सोडून गेल्या. नवरा आता नाही, हे त्यांना समजले तेव्हा १९३९ साल संपत आले होते. त्याच हिवाळ्यात त्यांनी एक छोटी कादंबरी लपूनछपून लिहिली. मुलाच्या अटकेनंतर हळूहळू भान हरपणाऱ्या एका साध्या टायपिस्ट बाईची ही कथा. सोफिया पेत्रोव्हना या नावाने ती पुढे जगभर गाजली. त्यांच्या देशात मात्र ती १९८८ सालीच छापली गेली.

लांडाऊ यांनाही एप्रिल १९३८ मध्ये पकडले होते. वर्षभराने कापित्सा यांच्या प्रयत्नांनी ते सुटले आणि १९६२ साली त्यांना नोबेल मिळाले. गॅमॉ आधीच देशाबाहेर निघून गेले होते. एकाच टोळक्यातले हे मित्र. कोणाच्या वाट्याला काय आले, ते गुणांवर ठरले नव्हते.

१९५७ साली ब्रॉनश्टाइन निर्दोष असल्याचे सरकारने मान्य केले. १९५९ साली सूर्यातले द्रव्य पुन्हा छापले गेले, आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती लांडाऊ यांनी.

त्यांचा प्रश्न आज कुठे आहे

ब्रॉनश्टाइन गेल्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. १९६५ साली रॉजर पेनरोज यांनी सिद्ध केले की कोसळणाऱ्या ताऱ्याच्या पोटी, आइन्स्टाइनच्या नियमांप्रमाणे, सिंग्युलॅरिटी अटळ आहे. म्हणजे असे ठिकाण, जिथे समीकरणे पुढे चालतच नाहीत. १९७४ साली स्टीफन हॉकिंग यांनी दाखवले की क्वांटम नियम लावले तर कृष्णविवर अगदी मंद उष्णता बाहेर टाकते आणि हळूहळू झिजते. झिजत झिजत शेवटी काय उरते? इथे पुन्हा ब्रॉनश्टाइन यांची कोरी जागा समोर येते.

ही जागा भरण्याच्या प्रयत्नांत एका मराठी माणसाचे मोठे नाव आहे. अभय अष्टेकर यांचा जन्म १९४९ साली धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला झाला. १९८६ साली त्यांनी आइन्स्टाइनचे समीकरण नव्या चलांत मांडले आणि त्यावर लूप क्वांटम गुरुत्व हा सिद्धांत उभा राहिला. त्यात अवकाश कापडासारखे सूक्ष्म धाग्यांनी विणलेले मानतात. क्षेत्रफळ हवे तेवढे लहान होऊ शकत नाही, त्याचा एक लहानात लहान तुकडा असतो. या सिद्धांताचे नियम कृष्णविवराच्या आत लावले तर सिंग्युलॅरिटी टळते. अष्टेकर, हावियर ओल्मेदो आणि परमप्रीत सिंग यांनी २०१८ साली असे प्रारूप मांडले. त्यात पदार्थ अनंतापर्यंत चिरडला जात नाही. घनता प्लांक पातळीला पोहोचली की गुरुत्वाचा परिणाम उलटतो आणि पलीकडे श्वेतविवरासारखा प्रदेश सुरू होतो. कार्लो रोवेल्ली आणि फ्रान्चेस्का विदोत्तो यांनी २०१४ साली अशाच आतल्या गाभ्याला प्लांक तारा म्हटले.

पण हे आकाशात दिसेल का? खरा कस इथेच लागतो. सूर्याएवढ्या कृष्णविवराची हॉकिंग उष्णता केल्विनच्या एक कोट्यंशाहूनही कमी आहे, तर सगळ्या आकाशात भरून राहिलेली पार्श्वभूमीची उष्णता २.७ केल्विन आहे. त्यामुळे ती दिसणे शक्य नाही. विश्वाच्या आरंभी डोंगराएवढ्या वस्तुमानाची चिमुकली कृष्णविवरे बनली असतील, तर ती आज संपत असतील आणि गॅमा किरणांचा झोत सोडत असतील. असा झोत शोधला गेला, पण अजून सापडलेला नाही. अशी विवरे श्वेतविवर होऊन फुटली तर रेडिओ लहरींचा क्षणिक झटका येईल, अशी कल्पना २०१४ साली मांडली गेली. असे झटके खरोखर दिसतात. मात्र २०२० साली त्यांतला एक आपल्याच आकाशगंगेतल्या तीव्र चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याकडून आल्याचे आढळले, म्हणून सध्या शास्त्रज्ञांचा कल त्या बाजूला आहे.

तिसरी वाट गुरुत्वीय लहरींची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधयंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची लहर प्रथमच टिपली. कृष्णविवराच्या काठावर क्वांटम परिणामांमुळे काही वेगळे असेल, तर विलीनीकरणानंतर घंटेच्या नादासारखे क्षीण प्रतिध्वनी यावेत, असे काही जणांनी सुचवले. २०१६ साली तसे संकेत मिळाल्याचा दावाही झाला. नंतरच्या तपासणीत तो पक्का ठरला नाही. चौथी वाट सावलीच्या छायाचित्रांची. २०१९ चे आणि २०२२ चे, अशी दोन्ही छायाचित्रे आइन्स्टाइनच्या सिद्धांताशी जुळतात. एवढ्या अवाढव्य कृष्णविवरांच्या काठावर क्वांटम बदल अतिशय किरकोळ असतात, असे अष्टेकर आदींचे प्रारूपही सांगते.

थोडक्यात, खूण अजून सापडलेली नाही. पण काय शोधायचे, कुठे शोधायचे आणि काय दिसले नाही तर कोणती कल्पना सोडायची, हे आता स्पष्ट होत चालले आहे. सूर्याच्या कडेवरची एक पिवळी रेषाही पृथ्वीवर हेलियम सापडेपर्यंत २७ वर्षे थांबली होती. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचे भारतीय वेधयंत्र उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. ते सुरू झाले की आकाशात कोणत्या दिशेला काय घडले, हे जगाला अधिक नेमके सांगता येईल. जेवढ्या लहरी टिपल्या जातील, तेवढा कस कडक होईल.

आपल्यासाठी

ब्रॉनश्टाइन यांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. एक अशी की, जगातला अवघडातला अवघड प्रश्न हाताळणाऱ्या या माणसाला दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिणे कमी दर्जाचे वाटले नाही. खर्डे परत आले तरी त्यांनी ते पुन्हा लिहिले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांत मुले विज्ञान इंग्रजीत शिकतात आणि मराठी सणावारापुरती उरते. विज्ञानाच्या गोष्टी आपण त्यांना मराठीत सांगितल्या, तर भाषाही टिकेल आणि विज्ञानही जवळचे वाटेल. गुंटूरची पिवळी रेषा, शिरपूरचे अष्टेकर, औंढा नागनाथ, एवढी सामग्री तर आपल्या अंगणातच आहे.

दुसरी गोष्ट जड आहे. एका राजवटीने माणूस संपवला, पुस्तके बाजूला सारली, पत्नीला खोटे सांगितले. तरी जे सहीनिशी त्यांच्या बाजूने उभे राहिले, ज्यांनी कागद जपले आणि ज्यांनी पुस्तक पुन्हा छापले, त्यांच्यामुळे ते काम आपल्यापर्यंत आले. विचार आपोआप टिकत नाहीत. कोणीतरी जोखीम घेऊन ते टिकवते.

१८ फेब्रुवारी हा ब्रॉनश्टाइन यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी घरातल्या मुलांना आकाश दाखवताना त्यांचे नाव एकदा तरी घ्यावे, एवढी विनंती. मातव्हेई ब्रॉनश्टाइन यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.